पंधरावी टीम

देवीदास काळमेघ राहायचा अकोल्याला आणि शिकवायचा अमरावतीला. बायकोची नोकरी अकोल्यातल्या शाळेत, म्हणून घर तिथं. त्याचं इंजिनिअरिंग कॉलेज मात्र अमरावतीत. सकाळची गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं कॉलेज, आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. एकवीस वर्षं हे चाललं होतं. गाडीत खिडकीशी जागा मिळाली की त्याची निम्मी नोकरी तिथंच उरकायची. पेपर त्यानं गाडीत तपासले, हजेरीचे तक्ते गाडीत भरले, आणि त्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या टीमही गाडीतच पाडल्या.

विषय नवा होता. विद्यार्थ्यांनी चार-चार जणांच्या टीम करून खरंखुरं सॉफ्टवेअर बनवायचं. सगळं काम एकदम शेवटी दाखवायचं नाही, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, त्याला स्प्रिंट म्हणायचं. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी जे चालतं ते दाखवायचं, जे चुकलं ते आपसात बोलायचं. दिवाळीच्या सुट्टीत देवीदास याचं प्रशिक्षण घेऊन आला होता. तिथं त्याला एक गोष्ट पटली होती, की मुलांना आपापल्या टीम करू देऊ नये. हुशार हुशारांना धरतात, मैत्रिणी मैत्रिणींना, आणि उरलेले उरतात. टीम शिक्षकानं पाडाव्यात, माहिती घेऊन, विचार करून.

म्हणून त्यानं जानेवारीत वर्गाला एक ऑनलाइन फॉर्म दिला. काय काय येतं, कुठून येता, किती वाजेपर्यंत थांबू शकता. मग दोन नावं, ज्यांच्यासोबत काम करायला आवडेल. आणि शेवटी एक नाव, ज्याच्यासोबत काम करायचं नाही. त्याच्यापुढं कारणाचा रकाना. वर्गात उभं राहून त्यानं सांगितलं होतं, "हे उत्तर फक्त मी वाचीन. दुसऱ्या कोणालाही दिसणार नाही. मोकळेपणानं लिहा."

मुलांनी मोकळेपणानं लिहिलं. साठांपैकी सदतीस जणांनी शेवटचं नाव भरलं, आणि त्या सदतीसांतली सत्तावीस नावं चौघांचीच होती.

नऊ जणांनी लिहिलं होतं मिस्बाह. ही अचलपूरची मुलगी रोज एस. टी.नं यायची. सात जणांना शाकीब नको होता. तो सकाळी काकाच्या बेकरीत राबायचा आणि पहिले दोन तास हमखास बुडवायचा. सहा जणांना संघपाल नको होता, नांदगाव खंडेश्वरचा, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. आणि पाच जणांना प्राजक्ता नको होती, कारण ती बोलताना अडखळायची आणि तोंडी सादरीकरणाचे मार्क सगळ्या टीमला सारखे असतात.

मिस्बाहच्या नावापुढं तिघांनी लिहिलं होतं की ती चारची बस धरते, थांबत नाही. दोघांनी लिहिलं होतं, वाद घालते. उरलेल्या चौघांनी कारणाचा रकाना कोराच ठेवला होता. संघपालच्या सहांपैकी पाच रकाने कोरे होते. देवीदासनं ते कोरे रकाने पाहिले. ते कोरे का असतील हे त्याला कळलं नाही असं नव्हतं. पण कळलं तर विचारावं लागलं असतं, विचारलं तर वर्गात चर्चा, चर्चेतून तक्रार. हे आपण कशाला उकरून काढायचं, असं म्हणून त्यानं रकाना सरकवला.

मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा त्याच्या दहा टीम झाल्या होत्या आणि उरलेल्यांचं जमत नव्हतं. मिस्बाहला एका टीममध्ये टाकलं की तिथं तिला नको म्हणणारा निघायचा, त्याला काढलं की दुसरीकडं शाकीब अडायचा. डोळे दुखायला लागले होते. शेवटी त्यानं चौघांनाही उचलून एका टीममध्ये टाकलं. लगेच सगळं जुळलं. कोणाचंही 'नको' मोडलं नाही. चौदा टीम खूश राहतील, एका टीमची कुरकुर ऐकून घेऊ, असा हिशेब करून त्यानं लॅपटॉप मिटला. बडनेरा यायला अजून वेळ होता, त्यानं चहा घेतला.

यादी लागली त्याच दिवशी मिस्बाह त्याला लॅबच्या दारात भेटली. बारीक चणीची, खांद्यावर जड बॅग, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात पाहायची सवय.

"सर, मले एक विचाराचं होतं. टीमा कशा पाडल्या तुमी?"

"कॉम्प्युटरनं पाडल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखं."

"मंग फॉर्म काहून भरून घेतला?"

"थोडंफार पाहिलं ना त्यातलं. सगळ्यांचं सगळं नाही जमत."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. देवीदासला हुश्श वाटलं. त्या वेळी त्याला एवढंच वाटलं.

पंधराव्या टीमनं कॉलेजच्या वसतिगृहाच्या मेसचं काम घेतलं. आज कोण जेवणार नाही हे मुलांनी सकाळीच फोनवर कळवायचं, म्हणजे आचाऱ्याला पोळ्यांचा अंदाज येतो आणि अन्न वाया जात नाही. काम साधं होतं. पहिल्या स्प्रिंटला त्यांचं काहीच चाललं नाही, शाकीब आलाच नव्हता. दुसऱ्याला थोडं चाललं. मिस्बाह बसमधून येता-जाता बाकीच्यांचं काम तपासायची आणि चुकांची यादी पाठवायची. संघपाल कुरकुरत दुरुस्त करायचा. प्राजक्ता सगळं लिहून ठेवायची. त्यांच्यात फार गोडी होती असं नाही. पण मार्चमध्ये वसतिगृहातली शंभरेक मुलं ते ॲप रोज वापरत होती, आणि बाकीच्या बऱ्याच टीमचं अजून लॉगिनच अडकलेलं होतं.

त्याच महिन्यात अकोल्याच्या एका कॉलेजनं शिक्षकांची कार्यशाळा ठेवली. विभागप्रमुख खुशालराव ढोरे सरांनी देवीदासला बोलावून घेतलं.

"तुमी तुमचा टीम पाडायचा प्रयोग मांडा तिथं. अन् एखादी टीम घेऊन जा सोबत, दाखवायले."

"कोणती नेऊ?"

"जिचं चालते ते न्या. मेसवाली न्या ना."

देवीदास म्हणाला, दुसरी एखादी पाहतो. ढोरे सर म्हणाले, दुसरी कोणती, एकीचं तरी चालते का. देवीदासनं मान डोलावली. खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

कार्यशाळेसाठी त्यानं दहा स्लाइड केल्या. एका स्लाइडवर तक्ता होता, कोणाला किती जणांनी नको म्हटलं आणि त्याला कोणती टीम मिळाली. नावं अर्थातच काढून टाकली होती. नावाच्या जागी त्यानं रोल नंबरचे शेवटचे दोन आकडे ठेवले होते. ओळख लपवायला तेवढं पुरे आहे, असं त्याला वाटलं. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: सदतीसपैकी सदतीस अपेक्षा पूर्ण.

कार्यशाळेच्या दिवशी चौघं सकाळच्या गाडीनं अकोल्याला आले. सभागृहात ऐंशीएक शिक्षक होते. चौघं तिसऱ्या ओळीत बसले. देवीदास बरा बोलला. मधेमधे लोक माना डोलवत होते. तो तक्ता पडद्यावर आला तेव्हा समोरचे कोणीतरी म्हणाले, वा, सदतीसपैकी सदतीस. दोन-तीन टाळ्या पडल्या.

देवीदासची नजर तेव्हाच तिसऱ्या ओळीवर गेली. मिस्बाह पडद्याकडं पाहत होती. पहिली ओळ: एक्केचाळीस, नऊ, टीम पंधरा. तिचा रोल नंबर एक्केचाळीसनं संपायचा. तिच्या खालच्या तिन्ही ओळींसमोरही टीम पंधरा होतं. ती प्राजक्ताच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. प्राजक्तानं वर पाहिलं, आकडे वाचले आणि मग स्वतःच्या हातांकडं पाहत बसली. संघपाल प्रत्येक स्लाइडचा फोनवर फोटो काढत होता, तसा त्यानं याही स्लाइडचा काढला. मग फोन जवळ धरून पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की देवीदासनं घाईघाईनं पुढची स्लाइड लावली. पुढं तो काय बोलला ते त्याला नंतर आठवलंच नाही.

आणि लगेच चौघांना मंचावर यायचं होतं.

ते आले. मिस्बाह बोलली, संघपालनं ॲप चालवून दाखवलं. कुठं अडलं नाही. शेवटी एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "तुमची टीम कशी जमली गं?"

"सरांनी बनवली," मिस्बाह म्हणाली.

"आणि आवडली का तुम्हाला?"

"काम झालं, मॅडम."

तिनं देवीदासकडं पाहिलं नाही. तिला तिथंच सगळं बोलता आलं असतं. ऐंशी माणसं ऐकायला होती. ती बोलली नाही, आणि देवीदासला त्याचा आधार वाटला. असा आधार वाटावा याचीच नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुपारी जेवण झाल्यावर मुलांना स्टेशनवर जायचं होतं. देवीदासचं घर तिथून दहा मिनिटांवर, पण तो त्यांच्यासोबत प्लॅटफॉर्मपर्यंत गेला. गाडी पाऊण तास उशिरा होती. शाकीब पाण्याच्या बाटल्या आणायला गेला. उरलेले तिघं बाकावर बसले, देवीदास उभाच राहिला.

"सर, एक्केचाळीस म्हंजे मीच ना?" मिस्बाहनं विचारलं.

"हो."

"अन् चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या."

"नव्हत्या. मी खोटं बोललो तुझ्याशी."

"कोनी कोनी लिहिलं ते मी विचारत नाई. तुमी सांगूही नका. कारनं काय लिहिली होती तेवढं सांगा."

देवीदासनं सांगितलं. तिघांनी बसचं लिहिलं होतं, दोघांनी वादाचं.

"हे पाच झाले."

"चौघांनी काही लिहिलं नव्हतं."

"माह्यात किती कोरे होते, सर?" संघपालनं विचारलं.

"पाच."

संघपाल हसला. ते हसू पाहवत नव्हतं. "मले वाटलंच," तो म्हणाला.

"तुमी त्यायले बलावून विचारलं नाई? काहून नको म्हनून?" मिस्बाह म्हणाली.

"नाही विचारलं."

"सर, वर्गात आमी साठ. मले सोडून एकोणसाठ. नवांनी नको म्हटलं, ठीक आहे. पन्नास जनांनी तं नाई म्हटलं ना? त्या पन्नासांतले तीन नाई भेटले तुमाले?"

हा हिशेब देवीदासनं केलाच नव्हता. एकवीस वर्षं तो मुलांना सांगत आला होता की आधी कागदावर गणित मांडा, मग कोड लिहा. इथं त्यानं नऊ मोजले होते, पन्नास मोजलेच नव्हते. खरं तर तिच्यासाठी जागा होती. कुठल्याही दुसऱ्या टीममध्ये होती. अर्धा तास आणखी बसला असता तर सापडली असती.

"मला सोपं वाटलं ते," तो म्हणाला. "चौघांना एकत्र टाकलं की बाकी कोणाची तक्रार येणार नव्हती. दुसरं काही कारण नाही."

प्राजक्तानं मान वर केली. तिला बोलायला नेहमी वेळ लागायचा, आणि कोणी तिचं वाक्य पूर्ण करून टाकलं तर ती गप्प व्हायची. या तिघांना ते माहीत होतं. ते थांबले. देवीदासही थांबला.

"माझे... पाच होते, सर?"

"हो, बेटा."

"मला... वाटलं होतं, जास्त असतील."

देवीदासला तिच्याकडं पाहवेना. तो वळून गाडीच्या वेळेचा फलक वाचत राहिला, एकच ओळ तीन-चारदा.

शाकीब बाटल्या घेऊन आला तेव्हा संघपालनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. शाकीबनं बाटल्या वाटल्या, एक सरांनाही दिली. "सातच का?" तो म्हणाला. "मी तं येतच नव्हतो जानेवारीत. मीच मले नको म्हटलं असतं."

त्यानं ते हलकं करायला म्हटलं, पण हलकं झालं नाही.

"मी सोमवारी वर्गात माफी मागतो," देवीदास म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो मी काय केलं ते. तुम्हाला टीम बदलून हवी असेल तर—"

"नको, सर," मिस्बाह लगेच म्हणाली. "वर्गात बोलूच नका तुमी. सध्या ज्यानं लिहिलं त्याले फक्त सोताचं माहीत आहे. तुमी बोलले तं साठही जनांले मालूम पडन का आमी चौघं नको असलेले आहोत. तुमचं मन मोकळं होईन. आमाले मंग त्याच वर्गात बसाचं आहे."

"हाव, अन् टीम आता बदलू नका," संघपाल म्हणाला. "मेसवाले रोज फोन करून राहिले. काम अर्ध्यात कोन टाकन?" त्यानं खिशातून फोन काढला. "फोटो आहे माह्याकडं त्या स्लाइडचा. मी डिलीट करून राहिलो, सर. पाहून घ्या."

त्यानं फोन पुढं धरला आणि फोटो पुसला. देवीदासनं मागितलं नव्हतं. मुलानं आपल्याला सांभाळून घ्यावं, इतके आपण खाली आलो, हे त्याला त्या क्षणी नीट कळलं.

गाडी आली. चौघं चढले. देवीदास खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "माझी चूक झाली. तुमच्याशी मी फार वाईट वागलो." मिस्बाहनं ऐकलं, मान हलवली. ठीक आहे, असं ती म्हणाली नाही.

घरी बायकोनं विचारलं, कसं झालं भाषण. तो म्हणाला, लोकांना आवडलं. मग जेवायच्या ताटावर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. तिला वाटलं तो रडेल, पण तो रडला नाही, भात तसाच ठेवून उठला. "मुलांनी काय म्हटलं?" तिनं विचारलं. "काहीच वावगं म्हटलं नाही," तो म्हणाला. "तेच तर."

सोमवारी तो ढोरे सरांकडं गेला. त्यांनी चष्मा काढून ऐकून घेतलं.

"अहो, पन नावं थोडीच होती त्याच्यावर? रोल नंबर कोन पाहते?"

"ज्याचा आहे तो पाहते, सर."

"मुलांनी तक्रार दिली का?"

"नाही."

"मंग झालं तं. पुढच्या वर्षी तो प्रश्नच काढून टाका फॉर्ममधून."

देवीदास म्हणाला, प्रश्न राहू द्यावा असं वाटतं, पण कारण लिहिल्याशिवाय तो घेणार नाही, आणि कोरं कारण देणाऱ्याला समोर बसवून विचारणार. ढोरे सर म्हणाले, त्यानं कटकटी वाढतील. देवीदास म्हणाला, वाढू द्या. आपण काय केलं ते त्यानं एका कागदावर लिहून आणलं होतं, विभागाच्या फाइलला लावायला, विद्यार्थ्यांचे नंबर न देता. ढोरे सरांनी तो कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. फाइलला लागला की नाही, हे देवीदासला कधी कळलं नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे त्याला जड गेले. वर्गात हजेरी घेताना एक्केचाळीस म्हटलं की त्याचा आवाज उतरायचा. "येस सर," मिस्बाह म्हणायची, पूर्वीसारखंच, ना जास्त ना कमी. कोणाकोणाचे रकाने कोरे होते हे तो आता विसरू शकत नव्हता. ती मुलं समोरच बसायची, सभ्य, हसरी, वही व्यवस्थित लिहिणारी. त्यांच्यावर राग काढावा असं कधी वाटायचं. पण त्यांनी फक्त लिहिलं होतं, केलं त्यानं होतं. पंधराव्या टीमचे मार्क द्यायची वेळ आली तेव्हा त्याचा स्वतःवर भरवसा राहिला नाही. लाजेपोटी आपण जास्त देऊ, नाहीतर जास्त देतोय या भीतीनं कमी देऊ. त्यानं दुसऱ्या सरांकडून त्यांचं काम तपासून घेतलं. पन्नासपैकी अडतीस पडले. दोन टीमला त्याहून जास्त होते. तेवढेच त्यांना पडायला हवे होते बहुतेक.

मे महिन्यात परीक्षा आटोपल्यावर मिस्बाह त्याच्या केबिनमध्ये आली. नागपूरच्या एका कंपनीत उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा होता, प्रोजेक्टच्या मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागत होतं. दुसऱ्या कोणाचं चाललं नसतं, म्हणून ती आली होती. देवीदासनं तिला बसायला सांगितलं आणि पत्र लिहिलं. मन लावून लिहिलं. मेसच्या ॲपबद्दल, तिनं शोधलेल्या चुकांबद्दल, अचलपूरहून रोज येऊनही न चुकवलेल्या एकेका स्प्रिंटबद्दल. छापून तिच्या हातात दिलं.

तिनं सावकाश वाचलं. मग कागद टेबलावर ठेवून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक पत्रात तो ही ओळ लिहायचा, हातातच बसली होती: 'वर्गातील सर्व विद्यार्थ्यांशी तिचे उत्तम जुळते.'

"हे वाक्य काढून टाका, सर."

देवीदासनं ओळ वाचली.

"त्याच्याऐवजी काय लिहू?"

"काईच नका लिहू. बाकी बरोबर आहे."

त्यानं वाक्य काढलं, पत्र पुन्हा छापलं, सही केली, शिक्का मारला. शिक्का पुसट उमटला म्हणून तिनंच कागद फिरवून त्याच्यापुढं धरला, आणि त्यानं दुसऱ्यांदा मारला. ती "येते, सर" म्हणाली तेव्हा तो शिक्क्याचं झाकण लावत होता. झाकण लागलं होतं, तरी तो ते दाबत राहिला, ती दाराबाहेर जाईपर्यंत.